मातीच्या भिंतीला फळी, खुंटी, टीव्ही लावायचाय? आधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वी बार्शीकडच्या आमच्या गावच्या घरात मी स्वयंपाकघराच्या भिंतीला मोठ्या हौसेने फळी लावली. शहरात लावतो तशीच. ड्रिल मारलं, प्लॅस्टिकच्या गिट्ट्या घातल्या (रावल प्लग म्हणतात त्या), अडीच इंची स्क्रू, दोन ब्रॅकेट, वर सागाची फळी, एकदम फिट्ट दिसत होती. चौथ्या दिवशी रात्री अकरा वाजता धडाम. फळी, सहा स्टीलचे डबे, आजीचं पितळी पातेलं आणि भिंतीचा परातीएवढा पोपडा, सगळं ओट्यावर. गंमत म्हणजे गिट्ट्या स्क्रूला तशाच चिकटलेल्या, एकीवर ओरखडा नाही. त्या मोडल्याच नव्हत्या, त्यांच्या भोवतीची भिंतच त्यांना घेऊन बाहेर आली होती.

सकाळी शेजारचे आप्पा आले, उभी हयात गवंडीकामात गेलेला माणूस. भोकात बोट घातलं, आतला भुगा चिमटीत चोळला आणि म्हणाले, "ह्या भिंतीला रेटा दे की कितीबी, वढू नगंस." पुढचं सगळं मी त्या एका वाक्यावरून आणि नंतरच्या दोन वर्षांच्या धडपडीतून शिकलोय.

तर मुद्दा असा की मातीची भिंत दाब भरपूर घेते, तिच्यावर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, टनावारी भार असतो तरी हूं की चूं करत नाही. पण ओढ घेत नाही, कारण मातीचे कण एकमेकांना धरून असतात ते चिकणमातीच्या जोरावर आणि तो जोर ओढीला फारच तोकडा पडतो. गिट्टी काम करते ती फुगून, म्हणजे भोकाच्या कडांना आतून रेटून घट्ट बसते. काँक्रीट तो रेटा परत देतं, माती भुगा होऊन बाजूला सरकते. एक्स्पान्शन बोल्टचं तेच, उलट तो जास्त जोरात फुगतो म्हणून जास्त मोठा तुकडा काढतो. केमिकल अँकरही (भोकात गोंदासारखं रसायन भरून त्यात सळई बसवतात ते) इथं उपयोगाचं नाही, ते चिकटतं मस्तच, पण चिकटतं कशाला? त्या सुट्या कणांनाच.

भिंत कुठली आहे ते आधी बघा

सगळ्या मातीच्या भिंती सारख्या नसतात आणि इथं चूक झाली की पुढचं सगळं चुकतं. देशावर आणि मराठवाड्यात जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड ते अडीच फूट जाड. काही ठिकाणी कच्च्या विटांच्या, म्हणजे न भाजलेल्या. काही ठिकाणी बाहेरून दगड, आतून दगड आणि मधे माती न् कपच्यांची भर. या तिसऱ्या प्रकाराला फार जपा, कारण दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत अडकवलेले नसतील तर भिंत मधून फुगते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात जी घरं बसली त्यातली बरीचशी याच जातीची, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर जड माळवद. अशी भिंत फुगलेली दिसत असेल तर फळी राहू दे, आधी जाणता गवंडी बोलवा.

कोकणात, पालघर-जव्हारकडं कुडाची भिंत असते, कारवीच्या काठ्या आणि वर शेणमातीचा लेप. ती दोन-तीन इंचांची, तिला काहीच लावायचं नसतं, जे लावायचं ते मेढीला म्हणजे लाकडी खांबाला. आणि हल्ली शहरातली हौशी मंडळी फार्महाऊसला मातीचे दाबलेले ब्लॉक वापरतात ज्यात थोडं सिमेंट असतं. ते बरेच कडक असतात आणि तिथं लांब गिट्टी हलक्या वजनाला चालून जाते, पण एका कोपऱ्यात ट्रायल घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

ओळखायचं कसं? तीन इंची खिळा हातोडीने हळूहळू ठोका. पहिला अर्धा इंच कडक आणि मग एकदम लोण्यासारखा आत गेला तर वर सिमेंटचा गिलावा आणि आत माती. हाच सगळ्यात फसवा प्रकार, माझा पोपडा याच्यामुळेच पडला. गिलाव्यावर बोटाच्या पेराने टकटक करत जा, भदभद आवाज आला की तिथं गिलावा सुटलाय. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी पावडर दिसली, लोणा लागला असेल, तर त्या पट्ट्यात काही बसवू नका, ओल आहे, लोखंड गंजेल, लाकूड कुजेल. शिवाय वाड्याचं घर असेल तर भिंतीत लाकडी खांब गाडलेले असतात, खणाच्या म्हणजे दोन तुळयांमधल्या अंतरावर. वर तुळई जिथं टेकलीय त्याच्या बरोबर खाली ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा आणि तिथं बारीक बिट घालून बघा. भुश्यात लाकडाचा चुरा आला की लॉटरी लागली, सरळ खांबाला स्क्रू मारा आणि उरलेला लेख वाचूच नका.

वजन मोजा, अंदाज नको

भरलेला तेलाचा डबा 15 किलो. एक लिटर पाणी एक किलो. पुस्तकांची एक मीटर रांग सहज 20-25 किलो जाते, लोकांना हे खरंच वाटत नाही. 32 इंची टीव्ही मात्र 4-6 किलोच असतो, दिसतो तेवढा जड नाही.

पण किलोपेक्षा महत्त्वाचं काय तर ते वजन भिंतीपासून किती लांब आहे आणि ब्रॅकेट किती उंच आहे. समजा फळी 12 इंच रुंद, वर 16 किलो सामान, म्हणजे वजनाचा मध्य भिंतीपासून 6 इंचांवर. ब्रॅकेटचा उभा पाय 4 इंचांचा असेल तर वरच्या स्क्रूंवर ओढ येते 16 गुणिले 6 भागिले 4, म्हणजे 24 किलो. तोच पाय 12 इंचांचा केला की ओढ 8 किलो. 24 इंचांचा केला तर 4 किलो. फळी तीच, डबे तेच. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ती बुटकी नक्षीदार ब्रॅकेटं म्हणून मातीच्या भिंतीला विषासारखी. फळी अरुंद ठेवा, 8 इंच पुष्कळ झाली, आणि ब्रॅकेटचा उभा पाय लांबच लांब.

आता एकेक प्रकार.

कॅलेंडर, फोटो, चाव्या (एक-दीड किलोपर्यंत)

चार-पाच इंची खिळा, टोक आत खाली जाईल असा तिरका. सरळ ठोकू नका. आधी 3 मिलिमीटरच्या बिटाने अर्ध्या लांबीचं भोक पाडा म्हणजे गिलावा फुटत नाही. ड्रिलचा हॅमर बंद, नुसतं फिरवायचं, हा नियम मातीच्या भिंतीत कुठंही काहीही करताना. खिळ्याऐवजी वाळक्या बांबूची चपटी चीप तासून ठोकली तर जास्त घट्ट बसते, गंजत पण नाही. कच्च्या विटांची भिंत असेल तर विटेच्या मधोमध, सांध्यात नको.

खुंटी

आपल्या आजोबा-पणजोबांनी एवढ्या खुंट्या का मारल्या ते मला आत्ता कळलं. खुंटी भिंतीला लटकत नाही हो, ती भिंतीत अडकते. बाहेरच्या टोकावर वजन आलं की तोंडाशी खुंटी खाली दाबते आणि आतलं टोक वर दाबतं, दोन्हीकडं दाबच, ओढ जवळपास नाहीच. मातीला आवडतं तेच.

बाभळीच्या किंवा सागाच्या गाभ्याची घ्या, पूर्ण वाळलेली. ओली घातली तर आत वाळून बारीक होते आणि खुळखुळायला लागते. लांबी सव्वा फूट, जाडी दीड-पावणेदोन इंच. नऊ-दहा इंच आत आणि चार-पाच बाहेर, हा हिशोब बिघडवू नका, आत जेवढी जास्त तेवढी बरी. आतला भाग वाळवी लागू नये म्हणून गाडीच्या जळक्या ऑइलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा. वास येतो महिनाभर, आमच्या सौ. अजून टोमणे मारतात, पण मातीच्या भिंतीत वाळवी लाकडाच्या मागावर येतेच. देवघरात किंवा स्वयंपाकघरात वास नको असेल तर बोरिक पावडरच्या पाण्यात भिजवून परत कडकडीत वाळवा.

भोक पाडायला माझी आवडती पद्धत, दीड इंची जीआय पाइपचा फूटभर तुकडा घ्यायचा, एका तोंडाला हॅक्सॉने करवतीसारखे दात पाडायचे, दुसऱ्या टोकाला आडवी सळई घालून मूठ करायची आणि हाताने फिरवत फिरवत आत न्यायचा. मधेमधे काढून आतली माती झटकायची. धक्का नाही, तडा नाही, गोल सुबक भोक, पंधरा-वीस मिनिटं लागतात. दगड लागला तर जोर करू नका, चार इंच बाजूला सरका. भोक आतल्या बाजूला किंचित उतरतं ठेवा म्हणजे खुंटीचं बाहेरचं टोक जरा वर राहतं.

मग भोकात पाणी शिंपडा, घट्ट चिखल आतून माखा, खुंटी घाला आणि लाकडी मोगरीने ठोका. तोंडाशी खालच्या बाजूला एक चपटी दगडी कपची बसवा, सगळा दाब तिथं येतो. आणि दोन-तीन आठवडे हात लावू नका. अशा दोन खुंट्या पाणसळीत मारून वर फळी ठेवली की झाली फळी! स्क्रू नाही, ब्रॅकेट नाही. दहा-बारा किलोला माझी आरामात उभी आहे.

लाकडी ठोकळा, म्हणजे स्क्रूसाठी घर

ब्रॅकेट, स्विचबोर्ड, आरसा, पडद्याचा रॉड, जिथं स्क्रूच हवाय तिथं भिंतीत लाकूड गाडायचं आणि स्क्रू त्या लाकडाला. ठोकळा मागं रुंद आणि पुढं अरुंद तासा, माझे मागे साडेपाच इंच, पुढे चार, खोली सहा इंच असे होते. मागच्या कडेला चार-पाच खिळे अर्धवट ठोकून ठेवा, चिखल त्यांना पकडतो. भिंतीत कप्पा असा कोरा की तोंड सहा इंचांचं आणि आत गेल्यावर आठ इंच, म्हणजे मडक्यासारखा. छन्नी आणि हलकी हातोडी, घाई नाही. ठोकळा आत सरकवा, भिंतीच्या पातळीपेक्षा अर्धा सेंटीमीटर आत ठेवा आणि चारी बाजूंनी घट्ट चिखल आणि कपच्या ठासून भरा, थोडं भरा, काठीने कुटा, परत भरा. वाळल्यावर ती भर कप्प्याच्या अरुंद तोंडातून बाहेर येऊ शकत नाही आणि ठोकळा त्या भरीतून बाहेर येऊ शकत नाही. ओढलं तरी आत सगळा दाबच तयार होतो, परत तेच.

इथंच मी दुसरी चूक केली होती, सांगून टाकतो. चिखल वाळायला तीन आठवडे कोण थांबणार म्हणून एका ठोकळ्याभोवती सिमेंट-वाळूचा माल भरला. दुसऱ्या दिवशी दगडासारखा. मी खूश. पावसाळा गेला आणि दिवाळीला आरसा काढताना अख्खा गड्डा, ठोकळ्यासकट, मुळ्यासारखा हातात आला, आणि बाहेरून गुळगुळीत, एक कण मातीचा धरलेला नाही. माती ओल घेते न् सोडते, तशी हलते, सिमेंट हलत नाही, मधे फट पडते. शिवाय कोरडी भिंत मालातलं पाणी पिऊन घेते आणि सिमेंट कडेला कच्चंच राहतं. मातीला मातीच, फार तर चुना.

चिखल कसा करायचा

याच्यावर सगळं उभं आहे म्हणून जरा थांबतो. शक्यतो त्याच भिंतीची माती, पडलेला पोपडा असेल तर तोच फोडून चाळून घ्या, मी तेच केलं. नाहीतर पांढरी माती. गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी असं जुनी माणसं म्हणतात ते काय उगीच नाही, शेतातली काळी माती चुकूनही घेऊ नका, ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, तुमचा ठोकळा भेगेत नाचेल. मातीत जाड वाळू आणि बोटाच्या पेराएवढं तोडलेलं गव्हाचं काड किंवा भुस्सा घाला, भिजवून तीन-चार दिवस कुजू द्या, रोज पायाने तुडवा. प्रमाण विचाराल तर मातीमातीवर आहे. लिंबाएवढे चार-पाच गोळे करा, प्रत्येकात वाळू थोडी थोडी वाढवत, उन्हात वाळवा. भेगा पडलेला बाद, बोटाने चुरा होणारा बाद, मधला घ्या.

भरताना चिखल इतका घट्ट हवा की मुठीत दाबला तर बोटांचे ठसे उमटतील पण हात ओला होणार नाही. सैल चिखल भरायला सोपा असतो म्हणून सगळे तोच भरतात आणि तो वाळताना आकसून सुटतो. आणि भरायच्या आधी जुनी भिंत ओली करायचीच, दोनदा-तीनदा शिंपडून. कोरड्या भिंतीला नवा चिखल धरत नाही.

हे काम फेब्रुवारी ते मे. जुलैत केलंत तर वाळेल कधी, गणपतीत? तेव्हा बुरशी बघायला मिळेल.

जड सामान: आरपार बोल्ट

20 किलोच्या वर गेलं, किंवा पोरं लोंबकळणार अशी शक्यता असली, तर आरपार. 12 मिलिमीटरची आटेवाली सळई म्हणजे थ्रेडेड रॉड, मीटरभराची मिळते, गॅल्व्हनाइज्ड घ्या. भिंतीतून आरपार भोक, बाहेरच्या बाजूला 6 बाय 6 इंचांची जाड लोखंडी प्लेट किंवा फूटभर सागाची पट्टी, आत उभी लाकडी पट्टी, दोन्हीकडं मोठे वॉशर आणि नट. आता फळी भिंतीला ओढायला लागली की ती ओढ बाहेरच्या प्लेटवर जाते आणि प्लेट भिंतीला दाबते. भोक बाहेरच्या बाजूला जरा उतरतं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी सळईवरून घरात. नट पान्याने जीव खाऊन आवळू नका, वॉशर खाली माती चेपायला लागते, हाताने घट्ट आणि वर अर्धा फेरा बास.

भिंतीच्या पलीकडं कोण आहे ते मात्र बघा. सामाईक भिंत असेल आणि तुमचा बोल्ट चुलत्याच्या देवघरात निघाला तर पुढची दहा वर्षं त्याचंच बोलणं ऐकाल.

मी टीव्हीला असं केलं: 18 मिलिमीटरचा प्लायवूड, तीन बाय दोन फूट, चार ठोकळ्यांना स्क्रू करून, आणि टीव्हीचं ब्रॅकेट त्या प्लायला. वजन चार जागी वाटलं गेलं. वायर कोरून भिंतीत घालू नका, बाहेरून केसिंग पट्टीतून न्या, आणि कुठंही ड्रिल मारायच्या आधी बोर्डाच्या सरळ वर-खाली जुनी वायर नाही ना ते बघा, मेन बंद करून.

आणि खरं सांगू का

मांडणी जमिनीवर उभी करा. दोन उभ्या फळ्या जमिनीपर्यंत, मधे कप्पे, सगळं वजन फरशीवर, आणि वरच्या टोकाला भिंतीशी फक्त दोन खुंट्यांना बांधायचं म्हणजे पुढं कलंडणार नाही. भिंतीवर जवळपास काहीच भार नाही. माझी पडलेली सागाची फळी शेवटी अशाच मांडणीत गेली. तुळई दणकट असेल, टोकाला कुजलेली नसेल तर हलकी फळी वरून साखळीने टांगता येते, आपलं शिंकं तेच होतं की.

कोनाडा कोरायचा मोह होतो सगळ्यांना. चालतं, पण जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खोल नाही, कोपऱ्यापासून आणि दारापासून दोन फूट लांब, तुळईच्या टेकूखाली अजिबात नाही, आणि वर लाकडी फळीचं छावण (वरची भिंत पेलणारी आडवी फळी), दोन्हीकडं किमान सहा इंच आत गेलेलं. छावण आधी बसवायचं आणि खालचं मग कोरायचं, उलटं नाही.

बेसिन, गीझर, पाण्याची टाकी, हे मातीच्या भिंतीला कसंही करून लावू नका. वजनाचा प्रश्न नाहीच, 15 लिटरचा गीझर आरपार बोल्टावर राहील सुद्धा. पण गळती एक दिवस होणारच आणि थेंब थेंब पाण्याने भिंत आतून कधी विरघळली ते कळणार नाही. स्टँडवर, भिंतीपासून चार बोटं लांब.

बादलीची टेस्ट

सगळं वाळलं की लगेच सामान मांडू नका. जिथं फळी आहे तिथं रिकामी बादली टांगा आणि तांब्या-तांब्याने पाणी घाला, पाच लिटरला थांबा, बघा, मग दहा. जेवढं वजन ठेवायचंय त्याच्या दुप्पट होईपर्यंत. एका बादलीत बसत नसेल तर दोन टांगा. खाली गोधडी अंथरा. खुंटीच्या तोंडाशी पेन्सिलने भिंतीवर आणि लाकडावर मिळून एक रेघ मारा आणि चोवीस तास सोडा. दुसऱ्या दिवशी रेघ जुळतेय, बारीक भेग नाही, खाली भुगा पडलेला नाही, तर लावा डबे. भुगा पडला असेल, चिमूटभर जरी, तर काढा आणि परत भरा.

पावसाळा संपला की ती रेघ एकदा परत बघायची. माझ्या पाच खुंट्यांपैकी एक पहिल्या वर्षी दोन मिलिमीटर खाली आली होती, न्हाणीघराकडच्या भिंतीतली. ती काढून दुसरीकडं मारली आणि जुन्या भोकात चिखल ठासला. त्या ठिगळाचा रंग बाकी भिंतीशी काही केल्या जुळेना, दसऱ्याच्या सारवणात सगळं एक झालं.